मायक्रॉनराव

भोसरी असो, शिरोली असो की अंबड, औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मायक्रॉनराव हमखास भेटतात. त्यांच्याकडे एम१टीआर जातीचं एक जुनं मिलिंग मशीन असतं. दोन मालक करून आलेलं, तिसऱ्या रंगात न्हालेलं. त्याला डीआरओ बसवायचा, म्हणजे टेबल कुठे आहे ते आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले लावायचा, हे त्यांनी मागच्या दसऱ्याला ठरवलं. आता दुसरा दसरा आला. मधल्या काळात ऑफिसच्या टेबलावर काचेखाली कोटेशनं साठली, पण एकही स्थळ पसंत पडलं नाही. स्थळाला विचारायचा प्रश्न एकच: "शेवटचा आकडा किती मायक्रॉनचा?" विक्रेता 'पाच' म्हणाला की मायक्रॉनरावांचा चेहरा उतरतो. पाच मायक्रॉनच्या डिस्प्लेवर शेवटच्या घरात फक्त शून्य किंवा पाच उमटतं; मधले आकडे कंपनीने खाल्ले, अशी त्यांची पक्की समजूत. घोळ आहे तो इथेच. डीआरओ हा साक्षीदार असतो आणि मायक्रॉनराव त्याला वैद्य समजून घरात आणतात.

डीआरओ मुळात हवाच कशाला, असं त्यांच्या जुन्या फोरमनला वाटतं. "साहेब, डायल आहे की!" हा त्याचा आक्षेप, आणि हाताखाली हजारो जॉब गेलेल्या माणसाचा आक्षेप उडवून लावता येत नाही. पण हँडलवरची डायल सांगते ती स्क्रू किती फिरला एवढंच. टेबल किती सरकलं हे तिला ठाऊक नसतं. स्क्रू आणि नट झिजले की दिशा बदलताना हँडल थोडं रिकामंच फिरतं. हाच तो बॅकलॅश. मुरलेला फोरमन म्हणूनच नेहमी एका बाजूने मापावर येतो आणि फेरे मनात मोजत राहतो. पिच ५ मिलिमीटरची असेल तर ७० मिलिमीटरला चौदा फेरे झाले, तेराव्या फेऱ्याला कोणी "चहा घेणार का?" विचारलं की एका चहात ५ मिलिमीटर गेले. डीआरओची स्केल टेबलाला बसते, त्यामुळे स्क्रू कितीही थापा मारो, आकडा टेबलाचाच येतो. शिवाय १०० मिलिमीटरच्या पीसीडीवर, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या वर्तुळावर, सहा होल मारायचे असतील, तर ६० अंशांवरच्या होलसाठी २५.००० आणि ४३.३०१ हे आकडे तो स्वतः काढून देतो. तेव्हा डीआरओ घेण्यात मायक्रॉनराव चुकत नाहीत. ते चुकतात निवडण्यात.

कारण बारीक दाखवणं वेगळं आणि बरोबर दाखवणं वेगळं. काचेच्या स्केलवर बहुधा २० मायक्रॉन अंतराने रेघा कोरलेल्या असतात. त्याहून बारीक आकडा इलेक्ट्रॉनिक्स त्या रेघांच्या मधल्या जागेचे भाग पाडून काढतं. एक मायक्रॉन दाखवणारी स्केल मीटरभरात पाच मायक्रॉन इकडेतिकडे असू शकते, आणि तसं तिच्या कागदावर छापलेलंही असतं. पण तो कागद खोक्यातच राहतो. त्यात आपलं हवामान. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश आणि मे महिन्यात पत्र्याखाली ३८. मीटरमागे, अंशामागे काच साधारण ८ मायक्रॉन फुगते आणि ॲल्युमिनियम २३. म्हणजे ५०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब इथे काचेच्या स्केलवर बरोबर मापात उतरला, तरी गिऱ्हाइकाच्या एसी इन्स्पेक्शन रूममध्ये तो सुमारे १३५ मायक्रॉनने आखूड भरतो. आणि एवढा जीव ज्या ड्रॉइंगसाठी टांगायचा, त्यावर बहुतेक मापांना वेगळी टॉलरन्स दिलेलीच नसते. खाली कोपऱ्यात 'आयएसओ २७६८ मध्यम' एवढंच लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने ५० मिलिमीटरच्या मापाला ३०० मायक्रॉन कमी-जास्त चालतं. ड्रॉइंग सढळ हाताने देतं आणि मायक्रॉनराव घ्यायला तयार नसतात.

निवड खरी करायची असते ती दुसऱ्याच गोष्टींची. काचेची स्केल अचूक, पण तिच्यात कूलंट आणि चुरा शिरला की ती आंधळी होते. मॅग्नेटिक स्केल या घाणीत जास्त टिकते. स्केल टेबलाच्या मागे लावली तर आडवी हालचाल थोडी कमी होते, पुढे लावली तर चुऱ्याचा मारा खाते. तिसरा अक्ष नीवर, म्हणजे टेबल वर-खाली करणाऱ्या भागावर, बसवायचा की क्विलवर, म्हणजे टूल खाली आणणाऱ्या नळीवर, हाही प्रश्न असतो. नीवर बसवला तर क्विल खाली ओढून मारलेलं होल डिस्प्लेच्या गावीही नसतं. पुण्यात बनलेला घ्यावा, चिनी घ्यावा की हायडेनहाइनसारखा जर्मन, हे ठरवताना बिघडल्यावर दुसऱ्या दिवशी कोण येणार, हे आधी विचारायला हवं. यातलं काहीही मायक्रॉनराव विचारत नाहीत. ते घासाघीस करतात ती फिटिंगच्या पैशांत. स्केल टेबलाच्या चालीला समांतर बसली पाहिजे, ब्रॅकेट हलता कामा नये. पण एक मायक्रॉनच्या स्केलला ब्रॅकेट मिळतो तो भंगारातल्या अँगलचा, आणि बसवतो हेल्पर. मशीनच्या गिब, म्हणजे स्लाइडींतली फट आवळणाऱ्या पट्ट्या, ढिल्या, स्लाइडी मधोमध खाल्लेल्या. अंगण खरोखरच वाकडं आहे आणि मालक घुंगरांची कोटेशनं मागवताहेत.

यावर मायक्रॉनरावांचीही बाजू आहे आणि ती अगदीच लंगडी नाही. एक म्हणजे, एक मायक्रॉनला थोडेच पैसे जास्त पडतात, मग का सोडायचं? सोडायचं अशासाठी, की तो शेवटचा आकडा शेजारचं कॉम्प्रेसर सुरू झालं तरी लुकलुकतो आणि त्याला पकडण्यात ऑपरेटरची दुपार जाते. दुसरं म्हणजे, ऑडिटला येणारे साहेब डिस्प्ले बघतात, गिब कोणी बघत नाही. हे मात्र खरं आहे. ज्याचा माल आकडे दाखवून परत पाठवला जातो, त्याला आपल्याकडेही आकडा असावासा वाटणारच. रिजेक्शनच्या शेऱ्यावर "आमच्या फोरमनचा हात चांगला आहे" हे उत्तर चालत नाही.

म्हणूनच शेवटी डीआरओ येतो, आणि येतो तो एक मायक्रॉनचाच. नारळ फुटतो, हळदकुंकू लागतं, तिन्ही अक्षांवर शून्य होतं. मायक्रॉनराव कौतुकाने टेबलावर हात ठेवून जरा रेलतात आणि हँडलला कोणी हात लावलेला नसताना आकडा ०.३१४ वर जातो. हात काढून पलीकडून ढकललं की परत शून्याजवळ. झिजलेल्या नटात टेबल किती डुलतं, याची ही साक्षीदाराने दिलेली पहिलीच साक्ष, तीही मायक्रॉनपर्यंत चोख. मायक्रॉनराव लगेच विक्रेत्याला फोन लावतात, "अहो, तुमचा डिस्प्ले बिघडलेला आलाय!" तिकडे फोरमन काही न बोलता टेबलाचं लॉक आवळतो आणि नट काढायला पाना शोधू लागतो.