घराण्याचे नाना

प्रत्येक घराण्यात एक नाना असतात. बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी जेरीला आलेले आणि पूर्वजांच्या मागे हात धुऊन लागलेले. त्यांच्या वयाची बाकीची माणसं सकाळी बागेत जातात. नाना इंग्रजी अमदानीत जातात आणि जेवायला हाका मारून परत आणावे लागतात.

सुरुवात ते थेट सरदारापासून करतात. पानिपतावर आपलं कुणीतरी पडलेलं असणारच, फक्त कागद मिळायचा राहिलाय, अशी त्यांची बालंबाल खात्री असते. मग १७६१ पासून खाली उतरता उतरता मध्येच कुठेतरी लोंबकळतात. शेवटी कुणी जाणता सांगतो, "नाना, खालून वर चढायचं असतं. आधी स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, मग वडिलांच्या शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा, मग गावचे जुने सातबारे आणि फेरफार."

नाना 'आपले अभिलेख'चं संकेतस्थळ उघडतात. जिल्हा, तालुका, गाव निवडून होतं आणि घोडं अडतं सर्व्हे नंबरापाशी. तो ठाऊक असतो गावाकडच्या चुलतभावाला, आणि त्याच्याशी बांधावरून बोलणं बंद असतं. पूर्वजांसाठी नाना तोही कडू घोट घेतात. "अरे, आपल्या वंशावळीसाठी हवाय," ते गळ्यात गळा घालून सांगतात. चुलतभाऊ नंबर देतो आणि त्याच संध्याकाळी वकील गाठतो. म्हातारा वाटणीवर उठलाय, अशी बातमी चार गावांत होते.

इकडे नाना फेरफाराचं पान फुगवून फुगवून तलाठ्याचं अक्षर लावत असतात. 'खातेदार मयत. वारस मुलगे तीन. पैकी एक अज्ञान.' पणजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसतं आणि रात्री साडेअकराला कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर घोषणा होते : आपल्या घराण्याला किताब होता! सकाळी शेजारचे निवृत्त तलाठी उलगडा करतात, "एकत्र कुटुंब मॅनेजर, नाना. थोरल्याच्या नावापुढे लावायचेच." नाना तसूभरही हलत नाहीत. "बघा, मॅनेजरी रक्तातच आहे आपल्या."

त्यामागचे कागद मोडीत, म्हणून नाना मोडीचा वर्ग लावतात. फसली सनात ५९० मिळवून इसवी सन काढायचा इतका नाद लागतो, की नातवाचं जन्मसालही ते फसलीत सांगतात. आणखी मागे गेलं की आडनावच गळून पडतं, उरतो नुसता 'राणू बिन कोंडी'. गावात राणू तीन, कोंडी पाच. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एकच माणूस दीडशे वर्षं शेतसारा भरतोय असं वाटतं. नाना डगमगत नाहीत. फॅमिलीसर्चवर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं फुकट बघायला मिळतात, हे कळल्यापासून आपलं कुणी काशी-हरिद्वारला गेलं होतं का, हा प्रश्न ते लग्नाच्या पंगतीतही विचारतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींची शोधमोहीम हाती घेतली, तेव्हा तर भाव असा वधारला, की गल्लीतली माणसं फायली घेऊन दारात उभी.

अखेर पाच फुटी तक्ता तयार होतो. नाना तो नव्वदीच्या आत्याबाईंपुढे उलगडतात. आत्या चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघतात.

"यात मी कुठाय रे?"

"आत्या, वंशावळीत मुली नसतात. जुन्या वारस नोंदींतही नाहीत. १९५६ च्या कायद्यानंतर दिसायला लागतात."

"आणि मग?"

"मग पुढच्याच फेरफारात हक्कसोड."

"माझं घेतलं होतं की. तुझ्या बापानंच नेलं मला तालुक्याला. एक लुगडं घेतलं, भजी खाऊ घातली आणि सही घेतली. सात एकर होती माझ्या बापाची."

खोलीतले सगळे नानांकडे बघू लागतात. नाना खिशातून पेन काढतात.

"नोंदणीकृत होतं का, आत्या? साल आठवतंय? म्हणजे दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढता येईल."