हुरड्याचा चेअरमन

नगर जिल्ह्यात माणूस जन्माला येतो सभासद म्हणून आणि झुरतो चेअरमनपदासाठी. विकास सोसायटी, दूध डेअरी, पतसंस्था. काहीच नाही जमलं तर सप्त्याची कमिटी. कुठल्याही टपरीवर 'ओ चेअरमन' अशी हाक मारून बघा. चौघं वळतात. न वळणारा पाचवा खरा चेअरमन असतो. माजी झालेल्यालाही कुणी माजी म्हणत नाही, तेवढी माणुसकी आमच्यात आहे. आणि गंमत बघा, याच जिल्ह्यात लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, 1950 च्या अखेरीस गाळप सुरू केलं आणि चेअरमनच्या खुर्चीत बसवलं धनंजयराव गाडगीळांना. स्वतः व्हाइस चेअरमन! ही गोष्ट मी सोसायटीच्या सभांतून हात वर करकरून लोकांना ऐकवली आहे. माझी पाळी आली तेव्हा मात्र मी संस्था निघायच्या आधीच चेअरमन झालो.

संस्था म्हणजे पारनेरच्या जिरायतीतलं आमचं घरचं हुरडा केंद्र. राबणार थोरला भाऊ, म्हणजे अण्णा. भाकरी थापणार वहिनी. मी नोकरीतून निवृत्त, त्यामुळे फंडाचे पैसे, फ्लेक्स आणि व्हिजिटिंग कार्ड ही खाती माझ्याकडे. कार्डावर ठसठशीत 'अहमदनगर' छापलं. 2024 मध्ये जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं. कार्डं भरपूर उरली आहेत. वहिनी त्यांवर दुधाचा हिशेब लिहिते.

अण्णाने मालदांडीच्या कडेला गूळभेंडी आणि सुरती पेरली होती. शिवाय मी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं 'फुले मधुर' आणायला लावलं, कारण चेअरमनने काहीतरी शास्त्रीय करावं लागतं. दाणा दुधातून चिकात भरला की हुरडा. थोडे दिवस चुकले की ज्वारी. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसायची, हिरवा वास सुटला की काढायची आणि निखाऱ्यासारखं तापलेलं कणीस तळहातावर चोळायचं. पुण्याच्या पाहुण्यांना मी हे प्रात्यक्षिक करून दाखवायला गेलो. दुसऱ्या कणसाला 'आई गं' म्हणून फोन आल्याचं नाटक केलं. अण्णा गप्पा मारत चोळत होता, फुंकर मारून कुसं उडवत होता आणि प्रत्येकाच्या ताटात मूठमूठ गरम दाणे टाकत होता. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. लहानपणी वडील असेच चोळायचे आणि पहिली मूठ माझ्या ताटात पडायची. अण्णाच्या ताटात कधी पडायची, हे मी तेव्हा पाहिलं नव्हतं.

धंदा तेजीत दिसत होता. गाड्या लागत होत्या. गल्ला मात्र भरेना. कारण आगटीपाशी बसून एका बाईंनी विचारलं, "दादा, किती द्यायचे?" आणि अण्णा चक्क लाजला. "राहू द्या हो, घरचंच आहे," म्हणाला. वर त्यांच्या डिकीत कणसांची पेंडी आणि पिशवीभर बोरं. सोयरे तर सहकुटुंब येत होते. त्यांच्याकडून मागणार कोण?

रात्री मी ताळेबंद घेऊन बसलो.

"अरे, आपल्या बांधावर बसून खाल्लं त्यांनी," अण्णा म्हणाला. "त्याचं पैसं मागत्यात व्हय?"

मला राग आला. अजून येतो, पण अण्णाचा नाही. या माणसाने जन्मभर कांदा गाडीत भरून बाजार समितीत नेला आणि भाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. दुधाचंही तेच. 'केवढ्याला देता?' असं त्याला कधी कुणी विचारलंच नाही. साठीत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तर त्याला ते लाजिरवाणं वाटलं. एवढा सहकार पिकवलेल्या आमच्या जिल्ह्यात हे कुठल्या खात्याला घालायचं, मला कळलेलं नाही.

तर यंदाही पेरा झाला आहे. पाखरांनी आणि सोयऱ्यांनी ठेवला तर डिसेंबर-जानेवारीत हुरडा आहे. अवश्य या. पैसे मात्र गाडी लावतानाच माझ्याकडे द्या. आगटीपाशी पाकीट काढू नका. अण्णा घेणार नाही आणि फ्लेक्सचं बिल अजून फिटायचं आहे.