कोंबडा, कल्ले आणि बेलबॉटम

महाराष्ट्रातल्या फॅशनचा इतिहास तीन ठिकाणी घडला: सिनेमाच्या पडद्यावर, शिंप्याच्या मशीनवर आणि सलूनच्या खुर्चीत. चौथे ठिकाण म्हणजे घर. तिथे फॅशन घडत नसे, तिला विरोध होत असे आणि या विरोधावरच ती पोसली जाई. ‘हा काय अवतार केलायस?’ असे वडील म्हणाले की फॅशन अधिकृतपणे सुरू झाली असे समजावे. तेच वडील तसाच शर्ट शिवून आले की ती संपली. पुढचा सगळा तपशील या एका नियमाने नीट उलगडतो.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी पुरुषाच्या डोक्यावर काय असावे, हे जात, गाव आणि वय पाहून आधीच ठरलेले असे. कुठे शेंडी आणि घेरा, कुठे संजाब. वर पगडी, पागोटे, फेटा नाहीतर टोपी. इंग्रजी शाळेत गेलेल्या मुलाने घेरा सोडून डोकीभर केस राखले की ‘पोरगं बाटलं’ असा निकाल लागे. मग सगळ्यांनीच केस राखले आणि भांडण टोपीवर आले. बोडक्याने बाहेर पडणे म्हणजे घरात कुणी गेल्याची खूण, अशी समजूत होती; पण सुशिक्षितांनी टोपी खुंटीला लावली ती लावलीच. बायकांच्या बाबतीत वाद नऊवारीचा होता. पाचवारी गोल पातळ नेसणारी सून शेफारलेली मानली जाई आणि तिच्या पोलक्याच्या फुगा बाह्या दिसल्या की आळीतल्या बायका नाक मुरडत. पुढे त्याच आळीने गोल पातळ स्वीकारले आणि नऊवारी आजीपुरती उरली.

पन्नासच्या दशकात देव आनंदने कपाळावर केसांचा उंच फुगा ठेवला. मराठी मुलखाने त्याला ‘कोंबडा’ असे नाव देऊन आपलासा केला. कोंबड्यासाठी खोबरेल तेल, पाणी, मागच्या खिशातला कंगवा आणि भरपूर फावला वेळ लागे. सायकलवरून किंवा एस.टी.च्या खिडकीत बसून तो शाबूत मुक्कामी नेणे ही त्या पिढीची खरी कसोटी. साठच्या दशकात पँटचे पाय इतके अरुंद झाले की ती चढवताना बसावे लागे आणि चढवल्यावर बसता येत नसे. याला ‘नॅरो पँट’ म्हणत. तिच्यामुळे लग्नाच्या पंगतीत उभ्याने वाढणाऱ्या तरुणांची संख्या वाढली, हा तिचा एकमेव सामाजिक लाभ.

१९६० साली ‘लव्ह इन सिमला’ आला. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना नायिका साधना हिचे कपाळ जरा रुंद वाटले, म्हणून ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर पुढचे केस कापून त्यावर झालर सोडण्यात आली. एका कपाळापुरता केलेला हा उपाय, ज्यांची कपाळे मुळीच रुंद नव्हती अशा असंख्य मुलींनी करून घेतला. बऱ्याच जणींनी तो घरच्या शिवणाच्या कात्रीने केला. एक बाजू थोडी जास्त कापली गेली की दुसरी तिच्या बरोबरीला आणायची, असे करता करता झालर भुवयांवरून पार केसांच्या मुळाशी जाई. मराठी घरांत अडचण वेगळीच झाली. कुंकू लावायला जागा उरेना. आजीचा आक्षेप शालीनतेचा कमी आणि जागेच्या टंचाईचा अधिक होता. दुसऱ्या टोकाला, आयांचे अंबाडे आकाराने वाढत होते. त्यांच्या पोटात गंगावन, जाळी आणि प्रसंगी गुंडाळलेला मोजाही असे.

या काळातल्या बऱ्याच खटाटोपाचे मूळ कोल्हापुरात सापडते. १९६५ च्या ‘वक्त’मधला साधनाचा अंगाबरोबर बसणारा कुर्ता-चुडीदार आणि १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’तली मुमताजची घट्ट गुंडाळलेली नारिंगी साडी, ही दोन्ही भानू अथैया यांची निर्मिती. त्या मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये. १९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले, भारतीयाला मिळालेले ते पहिलेच. तात्पर्य, चालता येणार नाही असे कपडे दिले की देशभर नक्कल होते आणि पंचा दिला की ऑस्कर मिळते.

सत्तरचे दशक हे या इतिहासाचे सुवर्णयुग. त्याचा पाया टेरिलिन आणि टेरिकॉट. हे कापड चुरगळत नसे, विटत नसे, फाटत नसे आणि अंगाला वाराही लागू देत नसे. वैशाखातल्या लग्नात टेरिलिनचा शर्ट घालून मिरवणारा तरुण पाहिला की हौसेला मोल नाही या म्हणीचा अर्थ उमजे. याच कापडाची बेलबॉटम होत असे. ती गुडघ्यापर्यंत पँट असे आणि खाली घागरा. शिंपी विचारी, ‘बॉटम किती ठेवू?’ गिऱ्हाईक म्हणे, ‘चोवीस.’ शेजारचा म्हणे, ‘माझी सव्वीस करा.’ ही चढाओढ पनाभर कापड संपेपर्यंत चाले. पँटचा घेर रस्ता झाडत असल्यामुळे कडा झिजत. त्यावर तोड म्हणून शिंप्यांनी आतल्या कडेला पितळी चेनची अर्धी पट्टी शिवायला सुरुवात केली. ती फरशीवर घासली की किर्र आवाज होई आणि चाळीतल्या कुठल्या घरचा चिरंजीव जिना चढतोय हे वडिलांना दिवा न लावता कळे. सायकलच्या साखळीने जितक्या बेलबॉटम खाल्ल्या, तितक्या उंदरांनीही खाल्ल्या नसतील.

डोक्याचे वर्णन स्वतंत्रपणे करावे लागते. केसांनी कान झाकले, कल्ले कानाच्या पाळीखाली उतरले आणि ‘बच्चन कट’ असे दोनच शब्द सलूनमध्ये पुरेसे ठरले. वडील मुलाला ‘अगदी बारीक काप’ असे बजावून जात. ते रस्त्याच्या वळणापलीकडे गेले की मुलगा नवे कलम मांडी आणि कारागीर दोघांचेही ऐकल्याचा भास होईल इतपत कात्री चालवी. अंगात राजेश खन्नाचा गुरू शर्ट, डोळ्यांवर ‘हरे रामा हरे कृष्णा’तल्या झीनत अमानसारखा मोठ्या भिंगांचा गॉगल, आणि बहिणीच्या कपाटात १९७३ च्या ‘बॉबी’नंतर आलेले ठिपकेच ठिपके. १९७५ च्या ‘दीवार’मधला पोटावर गाठ मारलेला शर्ट तर चुकीतून जन्मला. शिवताना तो फार लांब झाला होता, म्हणून गाठ मारून वेळ मारून नेली, असे खुद्द बच्चन यांनी सांगितले आहे. त्यांच्या शर्टाची लांबी चुकली होती. बाकीच्यांचे शर्ट बरोबर होते, तरी त्यांनी गाठ मारली.

या युगाचे पुरावे गावोगावच्या फोटो स्टुडिओत तयार झाले. भिंतीवर आरसा, त्याखाली सुतळीने बांधलेला कंगवा, फळीवर पावडरचा डबा, आणि खुंटीवर एक कोट व आधीच गाठ मारून ठेवलेला टाय. ज्याला लागेल त्याने चढवावा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर पंचतारांकित जिना. त्यामुळे एकाच गावातल्या कितीतरी सोयरिकी एकाच कोटाच्या भरवशावर जमल्या.

इथे दोन अपवाद नोंदवायला हवेत. पहिला सफारी सूट. तो तरुणांच्या आधी वडीलधाऱ्यांना आवडला, म्हणजे नियमाप्रमाणे जन्मतःच मरायला हवा होता. पण साखर कारखान्याचे संचालक, जिल्हा परिषदेचे सभापती आणि नवरदेव यांनी त्याला पुढची कितीतरी वर्षे जगवले, कारण सफारी हे पदनाम होते. दुसरा अपवाद दादा कोंडके यांची ढगळ अर्धी चड्डी आणि तिची लोंबती नाडी. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून ती पाहायला माणसे लोटली, सिनेमे महोत्सवी ठरले, पण नाडी लोंबवत कुणी कॉलेजात गेले नाही. तीसेक वर्षांनी कंबरेवरून घसरलेल्या जीन्समधून आतल्या चड्डीचा पट्टा दाखवण्याची रीत आली, तेव्हा दादा काळाच्या किती पुढे होते ते कळले.

१९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ने मिथुनचे चमचमते कपडे आणले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले होते; पडद्यावर कापड झगमगू लागले तेव्हा ते विणणारे मागावर नव्हते. संप रेंगाळला, गिरण्या गेल्या आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेत पुढे मॉल उभा राहिला. जिथे धडके कापड विणले जाई, तिथे आता फाटक्या जीन्स मिळतात.

ऐंशीच्या उत्तरार्धात पँट पुन्हा फुगली, मात्र या वेळी वरून. तिला बॅगी म्हणत. पोलक्याच्या फुगा बाह्याही परतल्या आणि नाक मुरडणाऱ्या बायकांच्या नातींच्या खांद्यांवर बसल्या. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’नंतर ‘फ्रेंड’ लिहिलेली टोपी घराघरात आली. टोपी जुनाट म्हणून ज्या आजोबांना ती सोडायला लावली होती, त्यांच्याच नातवाने टोपी घातली. फरक एवढाच की हिच्यावर इंग्रजी होते. नव्वदच्या दशकात संजय दत्तच्या चालीवर केस मानेवर रुळले. ही रचना पुढून नोकरीच्या मुलाखतीला आणि मागून गणपतीच्या मिरवणुकीला चालत असे. तोवर तयार कपड्यांची दुकाने वाढली होती आणि बॉटम विचारणारा शिंपी ‘येथे आल्टर करून मिळेल’ या पाटीखाली जाऊन बसला.

नव्या शतकात वेग वाढला. २००३ च्या ‘तेरे नाम’मुळे गावोगाव मधोमध भांग पडले आणि दोन्ही बाजूंचे केस डोळ्यांत जाऊ लागले. त्याच चित्रपटाच्या उत्तरार्धात नायकाचे डोके भादरलेले दिसते; चाहते बहुधा मध्यंतरातच थेट सलूनमध्ये गेले असावेत. महेंद्रसिंह धोनीच्या मानेपर्यंतच्या केसांचे २००६ साली लाहोरमध्ये परवेझ मुशर्रफ यांनी जाहीर कौतुक केले आणि ते कापू नकोस असेही सुचवले. दोन देशांच्या संबंधांतला हा दुर्मीळ सलोख्याचा क्षण, पण इकडच्या आयांना तो मुळीच मान्य नव्हता. धोनीने पुढे केस कापलेच, आणि २०११ चा विश्वचषक जिंकल्यावर तर चकोटच केला. दरम्यान २००८ च्या ‘गजनी’नंतर तरुणांनी डोक्यावर वस्तऱ्याने व्रण काढून घेण्यासाठी पैसे मोजले.

सध्याचा काळ वारशाचा आहे. आजीपुरती उरलेली नऊवारी शिवून, चेन लावून, तयार मिळते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत ती गॉगल आणि बुलेटसह दिसते. पेशवाईतली भिकबाळी जिम करणाऱ्या कानांत आली आहे. फेटा कार्यक्रमापुरता बांधून मिळतो आणि भाषण संपायच्या आत सुटतो. जीन्सचे पाय पुन्हा इतके रुंद झाले आहेत की सत्तरच्या दशकातला शिंपी असता तर त्याने बॉटम विचारलाच असता.

या काळाचा खरा धोका वेगळा आहे. वडीलही तोच मोबाइल पाहतात, तीच रील पाहतात आणि मुलाच्या आधी तसली पँट मागवून मोकळे होतात. विरोध करायला घरात कुणी उरलेले नाही, म्हणून नव्याचे नऊ दिवससुद्धा भरत नाहीत. तेव्हा सर्व पालकांना विनंती: माळ्यावरच्या टेरिकॉटच्या पँटी बोहारणीला देऊन स्टीलची वाटी घेऊ नये. मुलांनी मागितल्या तर जरूर द्याव्यात, पण आधी कपाळाला मनसोक्त आठ्या घालाव्यात.