श्री. बॅसिलस सिरीयस यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. बॅसिलस सिरीयस,
मु. पो. भाताचा टोप,
चायनीजची गाडी, स्टेशनबाहेर

विषय : आपल्या भरभराटीबद्दल अभिनंदन

स. न. वि. वि.

आपली-माझी गाठ गेल्या महिन्यात पडली. रात्री नऊला मी ट्रिपल शेजवान खाल्ला आणि साडेअकराला बाथरूम गाठलं. पहाटे चारपर्यंत तिथेच होतो. प्रयोगशाळेत कुणी काही तपासलेलं नाही, त्यामुळे कोर्टात शपथेवर आपलं नाव घेणार नाही. पण भात, उलट्या आणि मधले अडीच तास, हे तिन्ही साक्षीदार आपल्याकडेच बोट दाखवतात. सकाळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मात्र मी सवयीने म्हणालो, ‘पाणी खराब असेल.’ आपल्या कर्तृत्वाचं श्रेय पाण्याला दिल्याबद्दल आधी क्षमा मागतो.

आपलं जिवाणूंचं घराणं जुनं. 1887 साली फ्रँकलंड या शास्त्रज्ञ दांपत्याने आपलं बारसं केलं, पण त्याआधीही आपण मातीत सुखाने नांदत होतात. भातखाचरातून दाण्याला चिकटून थेट स्वयंपाकघरात यायचं, ही आपली वहिवाट. लोकांना वाटतं, भात रटरटून उकळला की सगळं मेलं. आपण मात्र बीजाणूचं चिलखत चढवून त्या उकळीत पडून राहता आणि गॅस बंद व्हायची वाट बघता. हा संयम आमच्यात असता तर!

पुढची व्यवस्था आम्हीच करून ठेवली आहे. भात दुपारी तीनला शिजतो, कारण गरम भाताचा गिचका होतो आणि गिऱ्हाइकाला दाणा न् दाणा सुटा लागतो. मग तो भलामोठा टोप ओल्या फडक्याखाली गाडीच्या फळीवर बसतो. वरचा भात निवतो, पोटातला तासन् तास कोमट राहतो. पाच ते साठ अंशांच्या मधला टापू धोक्याचा, असं अन्नसुरक्षावाले सांगतात. आपल्या दृष्टीने तोच सुखवस्तूंचा मोहल्ला. सगळं मनासारखं जुळलं तर वीसेक मिनिटांत आपण दुप्पट होता. या हिशेबाने तीनला एकटे असाल तर रात्री आठला बत्तीस हजारांच्या वर भरता. एवढ्या वेगाने आमच्याकडे फक्त सोसायटीचा मेंटेनन्स वाढतो.

आणि मग तो सोहळा! गाडीवाला टोपात पंजा घालतो, मूठभर भात कढईत भिरकावतो, भडका उडतो, कढईतून ज्वाळा हातभर वर जाते. आम्ही मोबाइल काढून शूटिंग करतो. एवढ्या आगीत जंतू टिकतील काय, असं प्रत्येकाच्या मनात येतं. माझ्याही आलं होतं. कढईत आपण स्वतः मराल कदाचित, पण टोपात बसल्या बसल्या केलेलं विष मागे ठेवून जाता. त्या सेरेयुलाइड नावाच्या विषाला 121 अंशांच्या उष्णतेतही फारसं काही होत नाही. दोन मिनिटांच्या भडक्याची काय कथा? वास नाही, तार नाही, आंबूस चव नाही. असलीच तर शेजवान चटणी तिला वर येऊ देत नाही.

गाडीवाल्यावर मी रागावलो नाही. त्याच्याकडे फ्रिज नाही, नळ लांब आहे आणि सातच्या लोकलची गर्दी उतरली की त्याला मान वर करायला फुरसत नसते. शिवाय हे काही फुटपाथपुरतं नाही. 1970च्या दशकात आपली कीर्ती झाली ती ब्रिटनच्या चायनीज रेस्टॉरंटांमधून. तिथेही हाच प्रकार : भात आधी उकडून बाहेर ठेवलेला, ऑर्डर आली की परतलेला. पक्क्या भिंती असल्या म्हणून आपण बुजत नाही.

आपली खरी मुत्सद्देगिरी वेगळीच. बहुतेकांना आपण चोवीस तासांत सोडून देता. तक्रार करायची ताकद येईपर्यंत तक्रारच संपलेली असते! नमुना नाही, नोंद नाही, सगळं ‘बाहेरचं खाल्लं’ या एका खात्यावर जमा. आपली गणती होत नाही याचं आपल्याला वाईट वाटत असेल, असं मला तरी वाटत नाही.

माझ्या घरी मात्र आपली गैरसोय होणार आहे. उरलेला भात आता रात्रभर ओट्यावर राहत नाही. जेवणं झाल्याबरोबर परातीत पातळ पसरून निववायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाकायचा, असं ठरलं आहे. सकाळच्या फोडणीच्या भाताची आपण वाट पाहू नये.

आपला कृपाभिलाषी नसलेला,
एक जुनं गिऱ्हाईक

ता. क. काल पुन्हा त्याच गाडीवर गेलो होतो. भात किती वाजता शिजवलाय, एवढंच विचारलं. तो म्हणाला, ‘साहेब, गरमच देतो ना!’