एकाच गुरुजींची गोष्ट

शाळांसाठी ॲप आणि डॅशबोर्ड बनवणाऱ्या मंडळींना हल्ली कुणीही उठून नावं ठेवतं. मला मात्र त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. राज्यात शिक्षक लाखोंनी आहेत. एकेकाला भेटत बसलं तर जन्म जाईल. त्यापेक्षा एसीत बसून एकच गुरुजी कल्पावेत हे बरं. वय बत्तीस, फोन नवा, रेंज भरपूर, वर्ग एकच, आणि शाळा सुटल्यावर नवं काही शिकायची दांडगी हौस.

असे गुरुजी आमच्या केंद्रात सापडत नाहीत, हा दोष अर्थातच केंद्राचा.

आमच्याकडच्या एका बाईंची निवृत्ती दीड वर्षावर आली आहे. पहिलीच्या पोराला चिंचोक्यांचे ढीग करून दशक शिकवावं तर त्यांनीच. पासवर्ड हजेरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेले: तीन खोडलेले, चौथ्याखाली दोन रेघा. ॲपच्या लेखी बाई ‘निष्क्रिय’. दुसरे एक तरुण सर. त्यांना सगळं येतं, म्हणून सात शाळांचे लॉगिन त्यांच्याच गळ्यात. साती शाळा डॅशबोर्डवर हिरव्यागार, आणि सरांचा चौथीचा वर्ग मॉनिटरच्या हवाली. तिसऱ्या गुरुजींना येतं, पण ते करत नाहीत. शिक्षण परिषदेत त्यांनी विचारलं, “हे भरून माझ्या पोरांना काय मिळणार?” सुलभकांनी प्रश्नाचं कौतुक केलं आणि पुढची स्लाइड लावली.

या तिघांना एका हॉलमध्ये बसवून एकच प्रशिक्षण द्यायचं, यात मला समतेचा फार मोठा विचार दिसतो. सर पहिल्या तासाला पेंगतात, बाई दुसऱ्या स्लाइडला मागे पडतात, गुरुजी चहाला जातात ते येतच नाहीत. सही तिघांचीही होते.

मध्येच एक अडचण उभी राहिली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पोरांची घरची भाषा कन्नड, म्हणून पुस्तकंही त्या भाषेत आणली. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं. यावरून एखाद्या अडाण्यानं म्हटलं असतं की शिक्षकाला आपल्या वर्गाची नड ठाऊक असते, तेव्हा आधी त्याला विचारा. जाणत्यांनी एवढंच ताडलं की एका शिक्षकाला जमलं ते सगळ्यांना जमलंच पाहिजे, आणि तेही येत्या शुक्रवारपर्यंत.

गेल्या वर्षी बाईंच्या वर्गात मोठं स्पर्शपटल आलं. वीज दुपारी जाते, धूळ मात्र दिवसभर असते. म्हणून एका पोराच्या आईनं जुन्या नऊवारीची खोळ शिवून दिली, नाड्यांसकट. खोळीला टाचण्या लावून बाईंनी अक्षरकार्डं टांगली: क, म, ल. पोरं ती काढतात, हलवतात, पुन्हा टांगतात, शब्द बनतो.

परवा तपासणीला साहेब आले.

“बाई, पॅनेल वापरता ना?”

“रोज, साहेब.”

साहेबांनी खोळ वर न करताच फोनवर नोंद केली: उपकरण सुस्थितीत, वापर शंभर टक्के.