हिरवळीला लावली काडी

"काय काकू, जपान मानवलेलं दिसतंय! लेकीनं लाड केले वाटतं?"

"लाड कसले, नातवंडामागे पळत होते. पण एक गंमत ऐक. सिंहगड रस्त्यावरचं आपलं पु. ल. उद्यान ज्या बागेवरून बेतलंय ना, ती कोराकुएन लेकीच्याच गावात, ओकायामात. फेब्रुवारीत गेलो, तर बागेचीच माणसं हिरवळ पेटवत होती!"

"अगंबाई! पेटवत?"

"दरवर्षी पेटवतात. थंडीनं गवत वाळून पिवळं पडतं, मग त्याला आग. किडी मरतात आणि वसंतात नवं लुसलुशीत फुटतं."

"म्हणजे आमच्या कोकणात राब भाजतात, तसंच की!"

"अस्संच मी जावयाला म्हटलं. त्याला राब म्हणजे काय ते समजावण्यात संध्याकाळ गेली. तिथल्या इकेदा घराण्यातल्या संस्थानिकानं १६८७ मध्ये ही बाग करायला घेतली, १७०० साल उजाडलं पुरी व्हायला. तुझ्यामाझ्यासारख्यांना दार उघडलं ते १८८४ मध्ये. पुढे १९३४ चा पूर, १९४५ चे बाँब... जुनी चित्रं नि कागदपत्रं बघून पुन्हा उभी केली. जपानी बागांत एवढं मोकळं गवत एरवी नसतं हं. इथे चांगलं चार-साडेचार एकर!"

"आणि फुलं?"

"एक आटपलं की दुसरं. आधी प्लम, मग साकुरा, जूनमध्ये आयरिस, जुलैत कमळं, शेवटी मेपलची लाली. मी साकुरापर्यंतच होते, पुढचं लेक फोनवर दाखवते. त्यात एक कमळ तर दोन हजार वर्षं जमिनीखाली पडलेल्या बीतून रुजलेल्या जातीचं! शिवाय बागेतच चहाचा मळा, भाताचं खाचर. राजेलोकांची हौस, दुसरं काय."

"आणि इथे आमचे कोपऱ्यावरचे वकीलसाहेब! तुम्ही नव्हतात ना, गच्चीभर प्लास्टिकची हिरवळ अंथरलीय. बारा महिने हिरवीगार. उन्हात अशी तापते, की मांजरसुद्धा पाऊल टेकवत नाही. वर तिला रोज पाणी मारतात!"

"प्लास्टिकला?"

"गार करायला हो! आमच्या नळाला धार नाही, आणि तिकडे हे."

"मग फेब्रुवारीत त्यांनाही म्हणावं, काडी लावा."

"शूऽऽ काकू! पाइप घेऊन वरच उभे आहेत."