तेरा गुणांचं गाव

स्क्रॅबलच्या पटावर 'नाशिक' इंग्रजीत मांडलं, तर बेरीज 13 भरते. 'के'चे 5, 'एच'चे 4, उरलेल्या चौघांना एकेक. साहेबाच्या अमदानीतल्या स्पेलिंगात 'एच' नव्हता, म्हणजे गाडी 9 वरच अडली असती. पण इतक्यात पेढे नकोत. विशेषनाम चालत नाही, सबब गुण शून्य.

त्याच सहा अक्षरांतून स्किन निघतं, सिंक निघतं, शँक निघतं. 'खान'सुद्धा चालतो, ती म्हणे पदवी!

कडी केली ती 'किना'ने. पापुआ न्यू गिनीचं हे चलन नियमात चोख बसतं. आणि 1928 पासून देशाच्या नोटा छापणारं गाव मात्र पटाबाहेर. नाशिककरांनी फार तर 'रुपी' लावावा. तो चालतो, फक्त हातात तेवढी अक्षरं हवीत.